टी टिळ्याचा

लोकांच्या न्हाणीघरात माझं निम्मं आयुष्य गेलं. डॉक्टरला लोक बैठकीत बसवतात, वकिलासाठी ओसरीवर सतरंजी टाकतात, इलेक्ट्रिशियनला मात्र चपला काढायला लावून थेट न्हाणीत नेतात. तिथे पालथ्या बादलीवर उभं राहायचं, वर दोरीवरची घरमालकाची ओली बनियन मानेवर ठिबकत असते, आणि अशा अवस्थेत भिंतीतल्या वायरींचं काय म्हणणं आहे ते ऐकून घ्यायचं, हा माझा धंदा. डोणगावला माझं दुकान आहे. आजूबाजूच्या खेड्यांत फिरती असते. आता गुडघे बादलीवर चढायला तयार नसतात, म्हणून हात लेखणीकडे वळलाय, एवढंच.

मोटारी आणि पंखे दुरुस्त करता करता म्हातारा झालो असतो तर काही सांगण्यासारखं नव्हतं. पण अलीकडे आमच्याकडेही विजेवरचे शॉवर आले आणि माझ्या नशिबाला गरम पाण्याचा फवारा लागला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. भिंतीवर डब्याएवढी पांढरी पेटी असते. टाकीतलं थंड पाणी तिच्या आतल्या कॉईलवरून जाता जाता तापतं आणि लगेच तुमच्या डोक्यावर पडतं. बंब पेटवायला नको, बादली उचलायला नको. पण एवढ्या घाईत पाणी तापवायचं म्हणजे ती पेटी पैलवानासारखी वीज खाते, म्हणून तिला मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा खटका द्यावा लागतो.

शॉवर बंद पडला की मालक सांगतो, पेटी जळाली. पेटी सहसा जळालेली नसते. मी आधी विचारतो, गावात लाईन आहे का. हसू नका, या एका प्रश्नाने माझ्या कितीतरी फेऱ्या वाचल्या आहेत. मग टाकीत पाणी आहे का. पाण्याला अजिबात जोर नसेल तर ही पेटी सुरूच होत नाही, तशी तिची रचनाच आहे. मग कॉक उघडा आहे का. मग खटका पडलाय का. एवढं सगळं विचारून झालं तरच पेचकस बाहेर काढायचा.

एकदा मात्र मी हे न विचारताच निघालो. धाड गावचे एक गुरुजी, माझ्या मेहुण्याचे शेजारी. फोनवर म्हणाले, "शॉवरचा पावर गेला, तुम्हीच या." एसटीने धाडला गेलो. बाजाराचा दिवस, पिशवी सांभाळत कसाबसा घरी पोचलो. वायर तपासली, खटका तपासला, पेटी उघडली, पाणी चटका बसण्याइतकं गरम. दोन तासांनी गुरुजींना म्हणालो, पावर तर आहे. गुरुजींनी मला शॉवरच्या चाळणीखाली उभं केलं आणि म्हणाले, "हा पावर म्हणता का? अंगावर पडते तं समजत बी नाही." त्यांना पाण्याचा जोर म्हणायचा होता. बोअरच्या क्षाराने चाळणीची भोकं बुजली होती. गुरुजींच्या बायकोने गोधडीची सुई आणून दिली, मी एकेक भोक मोकळं केलं आणि चहा पिऊन परत आलो. वायरमनच्या परवान्यावर मी केलेलं ते एकमेव शिवणकाम.

पण सांगायचं आहे ते बाबारावांच्या शॉवरबद्दल.

बाबाराव आमच्याच गावचे, चांगली बागायती, माणूस दिलदार पण विजेला सापासारखा भिणारा. त्यांची मुलगी शीतल हिचं उन्हाळ्यात लग्न झालं, जावई पुण्याचा. पहिला दिवाळसण. शीतल फोनवर बोलता बोलता सहज म्हणाली की यांना शॉवरखाली आंघोळ करायची सवय आहे. झालं. दसऱ्याच्या आधी बाबारावांनी न्हाणीला फरशी बसवली आणि मला बोलावून घेतलं.

"मिस्त्री, असा शॉवर लावा का जावयानं पुण्यात जाऊन नाव काढलं पाह्यजे."

मी लावला, आणि मन लावून लावला. त्यात मी एक खास खटका बसवला, आम्ही त्याला ट्रिपर म्हणतो. साधा खटका वायर वाचवतो, हा माणूस वाचवतो. पाण्यात किंवा पेटीच्या अंगात जरासा जरी करंट गळाला तरी हा डोळ्याचं पातं लवायच्या आत 'टक्' करून पडतो आणि वीज तोडतो. त्याच्यावर एक बारीकसं बटण असतं, त्यावर इंग्रजी टी हे अक्षर. सगळ्या घराला न्हाणीच्या दाराशी उभं करून मी बजावलं, या बोर्डाला कोणीही हात लावायचा नाही. बाबाराव दोन पावलं मागे सरले. त्यांची आई, वच्छलामाय, ऐंशीच्या पुढच्या, त्यांनी मात्र पुढे येऊन बोर्ड नीट न्याहाळला आणि मान हलवली.

दसरा झाला आणि फोन सुरू झाले.

"मिस्त्री, शॉवर मेला. थंडगार पाणी येऊन राह्यलं."

"लाईन आहे का? टाकी भरलेली आहे का?"

"सारं हाये. तुमचा तो खटका खाली पडेल हाये."

"मग वर करा."

"मी काऊन करू? मले मराचं हाये काय?"

मी गेलो. ट्रिपर पडला होता. वर केला, शॉवर चालू, पाणी गरम, अर्धा तास चालवून पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नेमका सकाळी सात वाजता मेलेला सापडायचा आणि मी वर केला की दिवसभर ठणठणीत. सगळ्यांना विचारलं, बोर्डाला कोणी हात लावला का? बाबाराव नाही म्हणाले, त्यांच्या सौभाग्यवती नाही म्हणाल्या. वच्छलामाय जपमाळ ओढत म्हणाल्या, "हात कोनंच नाही लावला बापा." बोर्डावर कुंकू दिसायचं. पण दसऱ्यानंतर आमच्याकडे मोटारीवर, ट्रॅक्टरवर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडेच कुंकू असतं. कुंकवाकडे इलेक्ट्रिशियन पाहत नाही. मी प्रत्येक वेळी स्वच्छ फडक्याने ते पुसून टाकायचो आणि कामाला लागायचो.

चौथ्या दिवशी पहाटेच जाऊन बसलो. म्हटलं चोराला रंगेहाथ पकडू. न्हाणीसमोर स्टूल टाकून डोळे वटारून बोर्डाकडे पाहत राहिलो. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले, ट्रिपर ढिम्म. वच्छलामाय सकाळी चुलीवरच्या पाण्याने आंघोळ करून, पूजेचं ताट घेऊन दोनदा माझ्यासमोरून गेल्या. तिसऱ्यांदा थांबून म्हणाल्या, "आंघोळ केली काय रे?" मी म्हटलं, नाही माय, उठून तसाच आलो. त्या "पारोसा हाये" असं पुटपुटत निघून गेल्या. मला वाटलं म्हातारीला माझा वास आला. बाबाराव म्हणाले, "मिस्त्री बसला का बिमारी पळते. तुम्ही हितंच राहाले या."

आता आमच्या धंद्यातली एक आतली गोष्ट सांगतो. डॉक्टरला आजार कळला नाही की तो व्हायरल आहे म्हणतो. मिस्त्रीला दोष सापडला नाही की तो म्हणतो, कॉईल गेली. मीही तेच म्हणालो. चांगली, कंपनीची, पंधरा दिवसांची कॉईल काढून पिशवीत टाकली आणि बाजारात मिळाली ती बिननावाची बसवली. काहीतरी केलं असं दिसावं म्हणून. चाळीस वर्षांत मी असं किती वेळा केलं ते इथे लिहीत नाही, गावात अजून राहायचं आहे.

त्यानंतर तर ट्रिपर एका सकाळच्या मुहूर्तावर थांबेना. दुपारी पडायचा, संध्याकाळी पडायचा. दिवाळी उद्यावर आली. शीतल आणि जावई पुण्याहून निघाले होते. बाबाराव दुकानात आले, उभे राहूनच म्हणाले, "मिस्त्री, उद्या जावयाच्या डोक्शावर थंड पाणी पडलं तं माहं नाक कापल्या जाईन. आन् मंग मी तुमचं कापीन." माझी तर खात्रीच पटली की ट्रिपरच खराब निघाला. नवा मिळणार दिवाळीनंतर. मग मी ते केलं जे कुठल्याही मिस्त्रीने करू नये. ट्रिपरच्या दोन्ही बाजूच्या वायरी सोडल्या, एकमेकींना जोडल्या, टेप गुंडाळली आणि झाकण लावून टाकलं. याला आम्ही डायरेक्ट करणं म्हणतो. बाहेरून बोर्ड होता तसाच दिसत होता. शॉवर सुरू केला, वाफ आली. बाबारावांना म्हटलं, आता बंद पडणार नाही. तेवढं खरं होतं. दुरुस्त झालेल्या शॉवरचा पहिला मान जावयाचा, म्हणून त्यांनी त्या दिवशी घरात कोणालाच त्याच्याखाली न्हाऊ दिलं नाही.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीची सकाळ. आमच्या सौभाग्यवतींनी मला उटणं लावून खरवडून काढलं होतं. धोतर-सदरा घालून फराळाला बसणार, तोच फोन.

"मिस्त्री, लवकर या. आई न्हाणीच्या दारात बसली हाये. जावयाले आत जाऊ देऊन नाही राह्यली."

"शॉवर बंद पडला का?"

"पडला नाही, चालू हाये. तेच तं म्हणते ते, काऊन नाही पडला?"

मला काहीच उलगडेना. हत्यारांची पिशवी उचलून गेलो. अंगणात पणत्या तेवत होत्या. ओसरीवर जावई टॉवेल गुंडाळून उभा, अंगभर उटणं, आणि ते वाळून त्याला ठिकठिकाणी भेगा पडलेल्या. शीतल तोंडाला पदर लावून हसत होती. जावई सज्जन माणूस. मला म्हणाला, "काका, तशी घाई नाही. पण हे आता खाजायला लागलंय." न्हाणीच्या दारात पाटावर वच्छलामाय बसल्या होत्या, मांडीवर हळदीकुंकवाचं ताट.

"आंघोळ केली काय रे आज?"

"केली, माय."

"उटणं लावून?"

"लावून."

"मंग ये. आता तुह्यासमोर कराले हरकत नाही."

त्या उठल्या. करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं, बोर्डापाशी गेल्या आणि बरोबर त्या टी लिहिलेल्या बटणावर बोट दाबून टिळा लावला. काही झालं नाही.

"पाह्यलं? रोज टक् म्हणते. दसऱ्यापासून येकडाव बी चुकला नाही. टिळा लावला का टक्. आज मुका झाला. पाणी आन् ईज येका घरात नांदते, तिथं देव रुसला असन तं मी पोरीच्या नवऱ्याले आत कशी जाऊ देऊ?"

मी तिथेच पालथ्या बादलीवर बसलो.

टी म्हणजे टेस्ट. ते बटण दाबलं की ट्रिपरला खोटंच सांगितलं जातं की करंट गळतोय. ट्रिपर धडधाकट असेल तर तो लगेच पडून दाखवतो. महिन्यातून एकदा दाबून पाहा, असं सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद कोणी वाचत नाही. माझ्या अख्ख्या हयातीत ते बटण दाबणारं एकही गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं, आणि वच्छलामाय रोज सकाळी आंघोळ करून, सोवळ्यात, ताटातल्या हळदीकुंकवासकट दाबत होत्या. ट्रिपर बिचारा रोज इमानदारीत पडत होता. मी पहारा दिला त्या दिवशी मी पारोसा, म्हणून पूजा झाली नाही, म्हणून तो पडला नाही.

"माय, मी विचारलं होतं ना, बोर्डाले कोणी हात लावला काय म्हणून?"

"हात कुठं लावला? म्या बोट लावलं."

"पण त्याच बटणावर काऊन?"

"तिथं टी लिवेल हाये नं. टी टिळ्याचा."

शीतलचं हसू थांबलं. लहानपणी शाळेतून आली की ती आजीला पाटीवर इंग्रजी अक्षरं शिकवायची. टी टेबलाचा म्हटलं तर आजी म्हणे, आपल्या घरात टेबल कुठंय? म्हणून पोरीने टी टिळ्याचा केला होता. आजीने तो मनात जपून ठेवला आणि एवढ्या वर्षांनी न्हाणीच्या भिंतीवर ओळखला. तिला वाटलं, कंपनीवाले किती धार्मिक, टिळ्याची जागासुद्धा लिहून देतात.

सगळे हसले. बाबाराव तर पाटावर बसून हसले. हसता हसता त्यांनीच विचारलं, "पण मंग आज काऊन नाही पडला बे तो?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'लूज होतं' म्हणायचं, झाकण उघडायचं, गुपचूप वायरी जोडायच्या आणि फराळ करून घरी जायचं. मी गुपचूप वायरी जोडल्यासुद्धा. माझ्या पाठीआड काय चाललंय ते कोणाला दिसत नव्हतं. खटका वर केला. वच्छलामायनी टिळा लावला, टक्. त्यांचा चेहरा उजळला. पुन्हा वर केला, शॉवर सोडला, आणि दोन श्वास जातात न जातात तोच, टक्.

बाबारावांनी आईकडे पाहिलं. आईचे दोन्ही हात ताटावर होते.

"म्या नाही लावला," त्या म्हणाल्या.

आता मात्र मेन बंद करून पेटी उघडली, कॉईल बाहेर काढली. मी बसवलेली ती बिननावाची कॉईल. वळणावर तिच्या कवचाला केसाएवढी चीर होती, आणि चिरेतून आतली तार पाण्याला लागत होती. दुपारी-संध्याकाळी ट्रिपर पडत होता तो याच्यासाठी. तो ओरडून सांगत होता आणि मी त्याचंच तोंड बांधून ठेवलं. आता तो पोरगा, अंगभर उटणं लावून, अनवाणी, ओल्या फरशीवर, या पाण्याखाली उभा राहणार होता. मध्ये होती फक्त ऐंशी वर्षांची एक म्हातारी, जिला टक् ऐकू आलं नव्हतं.

मी सगळं सांगितलं. चांगली कॉईल उगाच काढली ते, स्वस्तातली बसवली ते, डायरेक्ट केलं ते. सांगताना कोणाकडे पाहायची हिंमत होत नव्हती, म्हणून हातातल्या पक्कडीकडे पाहत सांगितलं. मला माझीच शरम वाटत होती, आणि अजून वाटते. बाबाराव एवढंच म्हणाले, "म्हंजे माह्या पोरीचं कुंकू..." आणि तिथेच थांबले.

जुनी कॉईल पिशवीत होती, ती परत बसवली. ट्रिपर नीट जोडला. अर्थिंग पक्कं लागावं म्हणून त्याच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. टेस्टर लावून पाणी तपासलं, पेटी तपासली, नळ तपासला. एकदा झालं, दुसऱ्यांदा तपासलं. ट्रिपर आपल्या जागी शांत उभा होता. मग मी बाहेर येऊन म्हटलं, "झालं. आता काही भीती नाही."

कोणीच हललं नाही. जावई अतिशय नम्रपणे म्हणाला, "मला वाटतं, मी चुलीवरचंच पाणी घेतो."

"थांबा जावईबापू," वच्छलामाय म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "आता बरोबर झालं म्हणतं नं तू?"

"हाव, माय."

"मंग पह्यले तूच आंघोळ कर."

"माय, माही आंघोळ झाली."

"दिवाळी हाये. दोनदा केल्यानं काही बिघडत नाही."

बाबारावांनी खुंटीवरचा आपला टॉवेल काढून माझ्या खांद्यावर टाकला. ते हसत नव्हते. मी सदरा काढून आत गेलो, दार लोटलं. चाळणीखाली उभा राहिलो आणि कॉकवर हात ठेवला. मला भीती वाटली. टेस्टरने दोनदा तपासलेलं होतं, जोडणी माझी होती, कॉईल कंपनीची होती, तरी भीती वाटली. एवढ्या घरांतून मी 'झालं' म्हणून बाहेर पडलो, आणि माझ्या त्या एका शब्दावर लोक लेकराबाळांसकट डोळे मिटून पाण्याखाली उभे राहिले, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मग कॉक फिरवला.

पाणी छान गरम होतं. बाहेर सगळं घर दाराला कान लावून उभं असणार, कारण बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या. थोड्या वेळाने वच्छलामायचा आवाज आला.

"जिता हायेस काय रे?"

"हाव, माय."

त्यांनी क्षणभर विचार केला असावा.

"मंग अजून थोडा वेळ उभा राह्य."